पितृपक्षातली बुडी

गणपती गेले की नेरूळच्या आमच्या सोसायटीत चार दिवस सुनंसुनं असतं. मांडवाचे बांबू कंपाउंडच्या भिंतीला टेकून पडलेले, वर्गणीवरून भांडलेले लोक अजून एकमेकांशी न बोलणारे. आणि मग एका सकाळी लिफ्टपाशी कुणीतरी हातात केळीचं पान घेऊन उभं दिसतं. पानावर भात, वडे, खीर, अळूचं फतफतं. लिफ्ट गच्चीवर निघालेली. पितृपक्ष लागला हे मला पंचांग सांगत नाही, ते पान सांगतं. पानवाला म्हणतो, ‘या ना सावंतकाका, जागा आहे.’ मी म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढे,’ आणि जिन्याने पाचवा मजला चढू लागतो. सत्तरी ओलांडली, गुडघे करकरतात. सोसायटीत माझ्या व्यायामाचं फार कौतुक आहे. लोकांनी आपल्याविषयी चांगला गैरसमज करून घेतला असेल तर तो आपण होऊन मोडू नये, असं माझं मत आहे.

भाद्रपदातलं हे ऊन मला वैशाखातल्या उन्हापेक्षा जास्त भिववतं. पावसाने फुगलेली जमीन वाफ सोडत असते, वारा पडलेला असतो, ओहोटीला खाडीचा काळा चिखल उघडा पडतो. त्या चिखलाचा वास, कुणाच्या तरी कढईतल्या तापल्या तेलाचा वास आणि रस्त्यावरच्या ट्रकचं डिझेल, हे तिन्ही एकत्र नाकात शिरले की माझे कान बंद होतात. खरोखर बंद होतात, दडे बसतात. मग मी गाईसारखा जबडा हलवत गॅलरीत उभा राहतो. बायको, मंदा, आतून विचारते, ‘पोचलात का तिकडे?’ मी म्हणतो, ‘नाही गं, पान चघळतोय.’ मी पान खात नाही हे तिला लग्नापासून माहीत आहे.

मी पाणबुडीवर होतो. हे वाक्य मी लग्नकार्यांत, बारशांत, दोनदा तर मयताच्या वेळीही टाकलेलं आहे. ते ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत निळंशार पाणी आणि रंगीत मासे दिसायला लागतात. त्याला सांगायचं जिवावर येतं की पाणबुडीला खिडकी नसते. समुद्रावर राहून सगळ्यात कमी समुद्र कोणी पाहिला असेल, तर तो पाणबुडीवरच्या इलेक्ट्रिशियनने. तो मी. माझा समुद्र म्हणजे दोन मोटरी, अँपिअर दाखवणारे काटे आणि घामाने चिकटलेली बनियन.

आमची बोट रशियन बनावटीची. पाणबुडी कितीही मोठी असली तरी तिला जहाज म्हणायचं नाही, बोट म्हणायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती थंड समुद्रातून इकडे आली, आणि आली ती युद्ध उरकल्यावर. कागदोपत्री ती हल्ला करणारी पाणबुडी. शत्रूवर हल्ला करायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, म्हणून तो हात तिने आमच्यावरच साफ करून घेतला. आम्ही तिला ‘म्हातारी’ म्हणायचो. पहिल्याच वर्षी ती बंदराच्या तोंडाशी गाळात रुतली आणि भरती येईपर्यंत मुंबईकडे पाठ करून फुगून बसली. एकदा मच्छीमारांचं जाळं तिच्या पंख्यात गुरफटलं. ते सोडवायला उतरलेला माणूस वर आला तेव्हा त्याच्या कमरेला दोन पापलेटं होती, आणि त्यांचं काय करायचं यावर अधिकाऱ्यांत गंभीर चर्चा झाली. एकदा दुर्बिणीच्या नळीवर ओंडका आदळला आणि त्यानंतर त्या दुर्बिणीतून सगळी जहाजं जराशी दारू प्यायल्यासारखी दिसायला लागली. स्वयंपाकघरात आग लागली ती कांदाभज्यांनी.

आणि एक अपघात खास माझ्या नावावर आहे.

पाणबुडीतला संडास हा साधा संडास नसतो. बाहेर समुद्राचा दाब, आत आपण बिचारे. मधे तीन-चार चाकं, ती ठरलेल्या क्रमानेच फिरवायची. आधी हे बंद, मग ते उघड, मग हवा सोड, मग परत ते बंद. नवीन माणसाला टॉर्पेडोआधी हे शिकवतात. मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी घाईत होतो आणि क्रम उलटा केला. समुद्राने माझं मला परत केलं, आणि आधीच्या चौघांचंही. मी बाहेर आलो तो कप्प्यातली सगळी माणसं भिंतीला चिकटून उभी. आमचा चीफ कुरियन, केरळचा, वीस वर्षं हिंदी बोलूनही तिच्या व्याकरणाला भीक न घालणारा माणूस, त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, “सावंत, समुंदर का चीज समुंदर को देना है. वापस नहीं लेना है.”

ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे, आणि दर वेळी ती हशा वसूल करते. तिचा एक तुकडा मात्र मी सांगत नाही. तोंड पुसून झाल्यावर मी ती सगळी चाकं परत एकदा तपासली, आणि मग परत एकदा. पाणी बाहेर उभं असतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते रागावलेलं नसतं, वाट बघत नसतं. नुसतं उभं असतं, आणि तुमच्या हातून एक चाक चुकलं की आत येतं.

त्या प्रसंगानंतर माझ्या शेजारी जेवायला न बसणारा पहिला माणूस म्हणजे नामदेव पाटील. तो आमच्या बोटीच्या अगदी शेपटाकडच्या, सातव्या कप्प्यात टॉर्पेडोवर. मी त्याच्या अलीकडे, सहाव्यात, मोटरींवर. मधे एक लोखंडी भिंत आणि तिच्यात वाकून जावं लागेल असं गोल दार. नामदेव वाशीजवळच्या बोनकोडे गावचा. त्याच्या घरची भातशेती आणि मिठागराचा तुकडा नवं शहर वसवताना गेला होता. त्यावरून कुणी हळहळलं की तो म्हणायचा, “जमीन शहराखाली गेली, मी पान्याखाली गेलू. हिसाब बराबर झाला ना.”

मी तेव्हा वाशीला नव्या इमारतीत भाड्याने राहत होतो. इमारती थोड्या आणि गवत फार, अशी वाशी. संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की रिकाम्या प्लॉटांवरचं गवत समुद्रासारखं हलायचं, आणि मी गॅलरीतून आत यायचो. नामदेव आणि मी सुट्टीला एकाच बसने खाडीपुलावरून घरी यायचो. आमच्या अंगाला डिझेलचा असा वास, की बाकावर तिसरा माणूस बसत नसे. एका कंडक्टरने नामदेवला विचारलं, “पेट्रोलपंपावर का?” नामदेव म्हणाला, “हां. पन गिऱ्हाईक येत नाय.” मंदा मला दारातच थांबवायची. कपडे बादलीत, मी मोरीत, मग घरात प्रवेश. सोवळ्याओवळ्याचं घर नव्हतं आमचं, पण बोटीवरून आलेल्या माणसाला शिवायचं नाही हा नियम तिने स्वतः केला होता.

दरवर्षी पावसाळ्यात म्हातारी दुरुस्तीला गोदीत असायची. पाऊस ओसरला की बाहेर काढायची, आणि आधी तिची खोल बुडीची परीक्षा. म्हणजे तिला झेपेल त्या सगळ्यात खोल पाण्यापर्यंत न्यायचं आणि बघायचं, अजून झेपतंय का. परीक्षेची ही वेळ नेमकी पितृपक्षात पडायची. घरी चमचा नवीन आणायचा नाही, चप्पल घ्यायची नाही, असा तो पंधरवडा, आणि आम्ही त्यात जुनी बोट घेऊन समुद्राच्या पोटात जाणार. मंदा म्हणायची, “तुमच्यात कुणी पंचांग बघत नाही का?” मी म्हणायचो, “साहेब भरती-ओहोटी बघतात.” ती म्हणायची, “मग अर्धवटच बघतात.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं ते वर्ष. बुडीच्या दिवशीच नामदेवच्या वडिलांची तिथी आली. बोनकोड्याला त्याची आई पान वाढणार, आणि पान ठेवायला थोरला मुलगा हवा. नामदेव रजा मागायला चीफकडे गेला. मी साक्षीदार म्हणून सोबत, म्हणजे गंमत बघायला.

चीफ म्हणाला, “पाटील, तेरा फादर अब कहीं जाने वाला नहीं. अगले हफ्ते खिला देना.”

“चीफ, फादर मान जायेगा. कौआ नहीं मानेगा.”

“तो कौए को बोल, पाटील ड्यूटी पे है.”

सगळे हसले. नामदेवही हसला. रजा मिळाली नाही.

बोटीवर आमची एक जुनी रीत होती, बहुधा तिच्याबरोबरच त्या थंड देशातून आलेली. खोल बुडीच्या आधी कप्प्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सुतळी ताणून बांधायची. बोट खाली जाते तसं पाणी तिला चहूबाजूंनी आवळतं, भिंती आत येतात, आणि ताणलेली सुतळी मधे झोळ खाते. तो झोळ नवीन पोरांना दाखवायचा, त्यांचे चेहरे बघायचे, आणि वर आल्यावर ती परत ताठ झाली की चहा. सहाव्या कप्प्यातली सुतळी बांधायचं काम माझं. त्या वर्षी मी डोकं चालवलं. सुतळी कुजते, तुटते. त्यापेक्षा नामदेवच्या भावाकडची मासे धरायची नायलॉनची दोरी आणली. पक्की, पारदर्शक, देखणी. बांधून तिच्यावर टिचकी मारली तर सतारीसारखी वाजली. मी खूश.

बुडी सुरू झाली. आपण खाली चाललो आहोत हे पाणबुडीत पोटाला कळत नाही, कानाला कळतं. आधी लाटांचा आवाज जातो. इंजिनं बंद केलेली असतात, त्यामुळे मोटरींची घूंघूं तेवढी उरते. मग म्हातारी बोलायला लागते. कुठेतरी करकर, कुठेतरी टणकन एक ठोका, जुन्या पलंगावर कुणी कूस बदलावी तसं. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं कुणाच्या हातून पाना पडला. चीफ म्हणाला होता, “पाना नहीं, पानी.”

ठरलेल्या खोलीच्या निम्म्यावर गेलो असू. शेजारच्या पोराने माझी बाही ओढली. वर बघतो तर दोरी झोक्यासारखी लोंबलेली. इतका झोळ मी शेवटच्या खोलीलाही पाहिला नव्हता. निम्म्या वाटेवर भिंती इतक्या आत आल्या असतील तर खाली काय होणार, हा हिशोब कप्प्यातल्या प्रत्येकाने एकाच वेळी केला. एकजण ओठ हलवत होता. मी काट्यांकडे बघितलं. काटे बरोबर होते, आणि ते मला खोटे वाटले. घाम पाठीवरून उतरून कमरेत गोळा होत होता, आणि गार होता.

चीफला कुणीतरी निरोप दिला. तो वाकून आत आला, दोरीकडे बघितलं, बोटांत धरून ओढली, सोडली, आणि माझ्याकडे वळला. “ये क्या बांधा है?”

“नायलॉन, चीफ. मजबूत है.”

त्याने डोळे मिटले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की नायलॉन दमट हवेत नि गरमीत स्वतःच सैल पडतो, बोट जागच्या जागी आहे, आणि सावंतने समुद्राकडून या वेळी काय काय परत घ्यायचं ठरवलंय ते त्याला आधी कळवावं. कप्पाभर हशा पिकला. सुटकेचा हशा असतो ना, खोकला लागेपर्यंतचा, तसा. सातव्यातून नामदेवने गोल दारातून डोकं बाहेर काढलं. “काय रं, माझ्या भावाची दोरी बदनाम केलीस?”

“तुझ्याच घरचा माल. मासे कसे धरता देव जाणे.”

“मासे धराला हाय ती. म्हातारी धराला नाय.”

हे त्याचं वाक्य मला अजून त्याच्या आवाजात ऐकू येतं. तो आत गेला. आम्ही अजून हसत होतो.

मग आवाज आला. फुटल्याचा नाही. फाटल्याचा. जाड कापड कुणीतरी एका झटक्यात टरकावलं आणि ते संपेचना, असा. सातव्या कप्प्यातल्या एका नळाचा जोड गेला होता. तेवढ्या खोलीवर पाणी धारेने येत नाही. ते धुकं होऊन येतं, पांढरं, आणि त्या धुक्याचा मार लोखंडाच्या कांबीसारखा असतो. मला गोल दारातून एवढंच दिसलं, की आतले दिवे दुधात बुडाल्यासारखे झाले आणि गेले. आणि त्या दुधातून एक हात आला, नामदेवचा. त्याने दाराची कड धरली, आणि दार ओढून घेतलं. आतून. मूठ फिरल्याचा आवाज मी ऐकला.

नियम तोच आहे. पाणी ज्याच्या कप्प्यात येतं त्याने दार लावायचं आणि आत राहायचं. बाकीच्या बोटीसाठी. आम्ही सगळ्यांनी तो नियम पाठ केलेला, परीक्षेत लिहिलेला, मला त्यात चांगले गुण होते. दार लागलं. नामदेव आणि आणखी दोघं तिकडे, आम्ही इकडे, मधे बोटभर जाड भिंत.

वरून हुकूम आला, मोटरी पूर्ण वेगाने पुढे. मी चाकं फिरवली, काटे चढले. टाक्यांत हवा सोडल्याचा सुसाट आवाज आला. पण शेपूट जड झालं होतं. म्हातारी नाक वर करून, शेपूट खाली टाकून तिरकी झाली. तिरकी म्हणजे किती? पुढच्या कप्प्यातून एक चप्पल, मग ॲल्युमिनियमच्या थाळ्या, मग बटाटे, एकामागोमाग एक दारांतून घरंगळत आमच्याकडे आले आणि सातव्याच्या भिंतीवर जाऊन आपटले. ती भिंत आता भिंत राहिली नव्हती, जमीन होत चालली होती. आपण विहिरीत आहोत आणि तळाशी नामदेव आहे, असं वाटत होतं. खोलीचा काटा थांबला होता. वर जात नव्हता, खालीही नाही. नुसता थरथरत होता, विचार करत असल्यासारखा.

सातव्यातला फोन लागत नव्हता. चीफने पान्याने भिंतीवर ठोकलं. ठोकण्याच्या खुणा ठरलेल्या असतात. तिकडून काही नाही. परत ठोकलं. काही नाही. सातव्यात हवा सोडत होते, आतला दाब वाढवून पाण्याला रेटायला. त्या दाबाने आतल्या माणसांच्या कानांचं काय होतं ते आम्हाला शिकवलं होतं. मी एक हात चाकावर ठेवून दुसऱ्याने भिंत चाचपत होतो. गार होती. इतकी गार, की पाणी तिच्या पलीकडे कुठवर आलंय ते तळव्याला कळेल असं वाटत होतं, आणि कळू नये असंही.

मग ठोके आले. ठरलेल्या खुणांचे नव्हते. टण टटण टण, टण टटण टण. चीफने कान भिंतीला लावला. “ये कौन सा सिग्नल है?”

मला तो ठेका माहीत होता. बोनकोड्याला त्याच्या भावाच्या हळदीत मी त्यावर नाचलो होतो आणि चिखलात पडलो होतो. “सिग्नल नहीं है, चीफ. शादी का बाजा है.”

“पागल हो गया क्या?”

“नहीं. जिंदा है.”

मला हसू आलं, आणि तेवढ्यात ठोके थांबले. टण टटण, आणि तिथेच. शेवटचा ठोका आलाच नाही. मी वाट बघत राहिलो. त्या एका ठोक्याची मी जशी वाट बघितली तशी पुढे मुलीच्या जन्माच्या वेळीही बघितली नाही. कप्प्यात सगळे भिंतीकडे बघत होते, मोटरी किंचाळत होत्या, आणि माझ्या डोक्यात तो अर्धवट ठेका आपला आपण फिरत होता, तुटक्या जागेवर येऊन थांबत होता आणि परत सुरू होत होता.

खोलीचा काटा हलला. आधी वाटलं भास. मग कुणीतरी म्हणालं, “उठी, उठी.” म्हातारी उठली. सावकाश, कण्हत, मग वेगाने, आणि शेवटी पाण्यातून अशी उसळली, की आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो. बटाटे परत पुढच्या कप्प्याकडे निघाले.

वर आलो तरी दार उघडता येत नव्हतं. आत हवेचा दाब होता. ती थोडी थोडी सोडावी लागते, नाहीतर पाण्याने सोडलेली माणसं दाब एकदम उतरल्याने मरतील. हवा फुसफुसत राहिली. मग मूठ फिरली. आधी पाणी आलं, घोट्याएवढं, त्यावर तेल आणि एक चहाचा कप. मग दोन माणसं, एकमेकांना धरून. मग कुणी नाही. मग नामदेव. ओठ निळे, उजव्या कानातून रक्ताची बारीक रेघ, हातात पाना. त्याने वाकून दार ओलांडलं, माझ्याकडे बघितलं, आणि ओळख पटल्यासारखं दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी बसमध्ये मी त्याला विचारलं, ठोके का थांबवले? तो खिडकीतून खाडीकडे बघत होता. म्हणाला, “हाताला पाना हाय का नाय तेच कलत नव्हतं.” पूल ओलांडल्यावर म्हणाला, “लोका बोलतात ना, शेवटाला समदा आठवतं. आयस आठवते, पोरा आठवतात. खोटा हाय. मना कोन आठवला नाय. बाबूस पन नाय, आज त्याची तिथी असून. निस्ता पानी आठवलं. पानी समोर असताना पानीच आठवतं, सावंत.”

आम्ही तसेच बोनकोड्याला गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. पान कुणी ठेवलं, मी भीत भीत विचारलं. कावळा पानाला शिवलाच नाही असं काहीतरी ऐकायची मी तयारी केली होती. ती म्हणाली, “त्याच्या भावान् ठेवला. कावला काय, पान टेकाच्या आधी आला. समदा खाल्ला. बाबूस सुखी हाय बघ.” आम्ही खाली अडकलो होतो तेव्हा वर काही हललं नव्हतं. कावळा आपला जेवून गेला होता. मला त्या कावळ्याचं आजही भय वाटतं.

तिने आम्हाला वाढलं. नामदेव दुखऱ्या कानावर हात ठेवून तिच्या उजव्या बाजूला बसला. “कान झाकतंस कं?” तिने विचारलं. “सर्दी,” तो म्हणाला. ती माझ्याकडे वळली. “सावंत, तुजी ती संडासाची गोष्ट सांग. हसव त्याला जरा.” मी सांगितली. हातवाऱ्यांसकट. ती डोळे पुसेपर्यंत हसली. नामदेव खिरीच्या वाटीत बघत राहिला.

घरी मी काही सांगितलं नाही. बोट दुरुस्तीला गेली, आम्ही किनाऱ्यावर. वाशीत तेव्हा पाणी सकाळी ठराविक वेळी यायचं, आणि येण्याआधी नळ हवेने फुसफुसायचे, किंचाळायचे. पूर्वी त्या आवाजाने मंदा उठायची. आता मी उठायला लागलो. एका सकाळी मी उठलो, जिना उतरलो आणि इमारतीचा मुख्य वॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळून बंद केला. इतका आवळला, की प्लंबरला मोठा पाना मागवावा लागला. पाच मजले कोरडे. सेक्रेटरी बनियनवर खाली आले. “सावंत, हे काय? पोरांच्या शाळा आहेत.” मी म्हणालो, गळती होती. “कुठे?” मी जिन्याखालची एक कोरडी भिंत दाखवली. त्यांनी हात लावून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मंदा मागे उभी होती. त्या दिवसापासून पाणी यायच्या वेळी तिचा हात माझ्या छातीवर असायचा.

दिवाळीच्या आधी म्हातारी बरी झाली. तोच जोड, नवीन नळ. परत तेवढंच खोल जायचं होतं. आदल्या दिवशी कॅप्टनसाहेबांनी आम्हाला धक्क्यावर रांगेत उभं केलं. साहेब पुण्याचे, कमी बोलणारे. पाणबुडीवर जबरदस्तीने कुणाला पाठवत नाहीत. माणूस स्वतः मागणी करून येतो, आणि सांगून जाऊ शकतो. हा नियमही सगळ्यांना पाठ असतो, आणि तो वापरलेला मी कधी पाहिला नव्हता. पाठ दुखते, बायको आजारी आहे, गावी जमिनीचं काम आहे, अशा वाटांनी लोक जात.

साहेब हिंदीत म्हणाले, की उद्या ज्याला यायचं नसेल त्याने एक पाऊल पुढे यावं.

ऊन चढलं होतं. बोट शेजारी काळी, ओली. मी शपथेवर सांगतो, माझा डावा गुडघा वाकला होता. टाच उचलली होती. आणि शेजारून नामदेवचा बूट सिमेंटवर वाजला. एक पाऊल. माझी टाच परत खाली टेकली. दोघं एकदम निघालो तर ठरवून आल्यासारखं दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं. अजून सांगतो.

साहेब त्याच्याजवळ आले. आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, “पाटील, कान बरा झाला नसेल. कानासाठी किनाऱ्यावर घेतो तुला. मी बोलतो वर.”

“कान बरा हाय, साहेब.”

“मग घरी काही अडचण? आई?”

“आयस पन बरी हाय.”

सगळी रांग ऐकत होती. बोटीवर साहेबांशी आम्ही सगळे हिंदीच बोलायचो, नामदेव इतर कुणाहून जास्त. अधिकाऱ्यासमोर त्याने गावची बोली काढलेली मी कधी ऐकली नव्हती.

“मना भ्या वाटतं,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. चीफला मराठी येत नव्हती, तरी त्याने मान खाली घातली. साहेबांनी हात पुढे केला, नामदेवने तो धरला. मग साहेबांची नजर रांगेवरून फिरली. ती माझ्यावर थांबली असं मला वाटलं. “और कोई?” त्यांनी विचारलं. मला कुणी नाव घेऊन विचारलं नव्हतं, तरी मी मोठ्याने म्हणालो, “नो, सर.”

नामदेव पिशवी खांद्याला लावून धक्क्यावरून चालत गेला. पुढे तो गोदीतल्या कार्यशाळेत लागला, आणि रोज संध्याकाळी घरी जेवला. मी शिडीने खाली उतरलो. त्यानंतर कितीतरी वर्षं मी बुडत राहिलो. निवृत्तीच्या दिवशी माझ्या धैर्याविषयी बरंच बोललं गेलं, शाल मिळाली. शूर म्हणून मी राहिलो नाही. भ्यालो आहे हे सांगायची भीती वाटली, म्हणून राहिलो.

दर खेपेला सातव्याचं दार बंद झालं की मी चाकांवर हात ठेवून, मोटरींच्या आवाजाखाली, नामदेवचे ते तीन शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचो. त्याच्याच बोलीत. माझ्या मराठीत ते म्हणायचा धीर मला तिथेही झाला नाही.